यंत्रणेचा आवाज

३ मार्च

नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुम्हाला एक फोन आला होता. तुम्ही "हॅलो. बोला, मी ऐकतो आहे" म्हणालात आणि पलीकडून फोन ठेवला गेला. तो मी ठेवला. परत लावायचा धीर झाला नाही, म्हणून लिहिते आहे. पत्ता माझ्याकडे होता. माइक दुरुस्त करून परत पाठवायचा असला की तुमचे भाऊ खालच्या मजल्याचा, म्हणजे तुमचा पत्ता घालायला सांगत. म्हणायचे, "मी वर कपाटात बसलेला असतो, बेल ऐकू येत नाही. दादाकडे टाका. दादा वस्तू हरवत नाही."

ऐकायची पुस्तकं काढणाऱ्या कंपनीत मी त्यांचं रेकॉर्डिंग साफ करणारी. ते घरीच, आवाज घुमू नये म्हणून कपाटात बसून पुस्तकं वाचून पाठवत आणि मी इथे, दुसऱ्या शहरात बसून त्यातला खोकला, पानांची सळसळ, रस्त्यावरचे हॉर्न काढून टाकत असे. सहा वर्षं आम्ही असं काम केलं, भेटलो एकदाच. ते मला कात्री म्हणत. खाली तेच नाव लिहिते, कारण घरात तुम्ही ऐकलं असेल तर तेच ऐकलं असेल.

ते गेल्याचं मला कंपनीच्या एका ओळीच्या निरोपातून कळलं. त्याबद्दल काय लिहावं ते सुचत नाही, तेव्हा कामाचं लिहिते.

त्यांचं शेवटचं पुस्तक 'परतीचा बुरूज'. मोबाइलच्या दुकानात काम करणारा एक माणूस संगणकावर खेळ खेळता खेळता त्या खेळातच जाऊन पडतो. तिथे राक्षस आहेत, जादू आहे, बोलणारे लांडगे आहेत, आणि घरी परत कसं यायचं ते त्याला ठाऊक नाही. पुस्तकात त्याला नुसतं 'खेळाडू' म्हणतात. त्याच्या कानात सतत एक आवाज असतो, ती 'यंत्रणा'. ती त्याला सांगते, "जीव शंभरपैकी चाळीस. डावीकडे लांडगा आहे. हे पाणी पिण्यायोग्य नाही." तेवढंच.

पुस्तकाची प्रकरणं बत्तीस. तुमच्या भावाने सगळी वाचली आहेत, पण त्यांची एक पद्धत होती. आधी निवेदन आणि खेळाडूचं बोलणं वाचायचं आणि यंत्रणेसाठी जागा मोकळी सोडायची. मग पाच-सहा प्रकरणांमधली यंत्रणेची वाक्यं एका बैठकीत वाचून काढायची, म्हणजे तो आवाज इकडचा तिकडे होत नाही. शेवटच्या सहा प्रकरणांची ती बैठक राहून गेली. जागा रिकाम्या आहेत.

कंपनीचं म्हणणं, दुसरा निवेदक घेऊन सगळं पुस्तक पहिल्यापासून वाचून घ्यावं. तसं झालं तर तुमच्या भावाचं हे वाचन कोणाच्याच कानावर पडणार नाही.

यंत्रणेची राहिलेली वाक्यं तुम्ही वाचाल का? लहान लहान आहेत. तुमचा आवाज चालेल असं मला फोनवर वाटलं.

कात्री


१४ मार्च

नमस्कार.

पत्र मिळालं. फोनचं मनाला लावून घेऊ नका. आम्हा दोघांचे आवाज फोनवर सारखेच येत. आमच्या भावजयीने लग्नानंतर पहिल्या वर्षी मला दोनदा "येताना कांदे आणा" असं बजावलं होतं. मी आणलेही. मला वाटलं, नव्या सुनेची सांगायची पद्धत असेल.

तुम्ही विचारलंत ते माझ्याच्याने होणार नाही. मी लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत आहे. लिफ्टमध्ये कोणी अडकलं आणि आतलं लाल बटण दाबलं की आमच्या खोलीत फोन वाजतो. तो मी घेतो आणि माणूस बाहेर येईपर्यंत त्याच्याशी बोलतो. दिवसभर तेच काम. त्यामुळे घरी आल्यावर तोंड उघडायची इच्छा राहत नाही. आई म्हणायची, घरातले सगळे शब्द धाकट्याने उचलले आणि थोरल्याला उरलेसुरले आले. ते खरं आहे. वाघ, म्हातारी, तुटलेली मोटार, सगळ्यांचे आवाज तो काढायचा. मला माझाच एक येतो.

तुमच्या पत्रानंतर मी वर जाऊन या पुस्तकाची दोन प्रकरणं ऐकली. भावजयीने त्याच्या संगणकावर लावून दिली. त्याआधी त्याचं एकही पुस्तक मी ऐकलं नव्हतं. राक्षस, तलवारी यांत मला गम्य नाही. खेळाडूचं बोलणं मात्र चांगलं झालंय, आमच्याकडे धाकटा जेवताना बोलायचा तसंच. यंत्रणेचा भाग मला कंटाळवाणा वाटला. तो वगळला तरी कोणाचं काही अडेल असं वाटत नाही.

आवाज सारखा आहे म्हणून त्याची नक्कल मी करू शकेन असं तुम्हाला वाटलं असेल. नाकापेक्षा मोती जड होईल. त्याचं वाचन राहावं असं मलाही वाटतं, पण माझ्या हातात काही नाही.

थोरला


२० मार्च

नमस्कार.

कांद्यांचं वाचून हसले. पण तुमचा गैरसमज झाला आहे, कारण मी अर्धंच लिहिलं होतं.

तुमचा आवाज त्यांच्यासारखा आहे म्हणून मी दचकले नाही. त्यांचा आवाज तर मी अजून रोज ऐकते, साफ करायची प्रकरणं शिल्लक आहेत. मी दचकले, कारण फोनवर यंत्रणा बोलली. शब्दसुद्धा तेच. "बोला, मी ऐकतो आहे."

सुरुवातीला ते यंत्रणेचा आवाज नाकातून, चिरका काढत. मी कळवलं की हे पत्र्याचं पिंप वाटतंय, श्रोता बत्तीस प्रकरणं सोसणार नाही. थोड्या दिवसांनी नवा नमुना आला. सपाट, सावकाश, ना चढ ना उतार, आणि तरी ऐकत राहावंसं वाटणारा. मी विचारलं, हा कुठून पैदा केलात? म्हणाले, "खालच्या मजल्यावरून. आमचा दादा आहे तो. त्याला सांगू नका हं. आधीच शब्दाला महाग, मग बोलायचाच बंद होईल."

न सांगायचं मी कबूल केलं होतं. आता सांगितल्याशिवाय इलाज नाही.

तेव्हा नक्कल तुम्हाला करायची नाही. ती त्यांनी केली. तुम्ही फक्त वाचायचं.

कात्री


२७ मार्च

नमस्कार.

तुमचं पत्र आल्यावर तयार असलेली सगळी प्रकरणं ऐकली.

खेळाडू यंत्रणेला काय काय म्हणतो ते ऐकलं. डबा म्हणतो. ठोकळा म्हणतो. तिसऱ्या प्रकरणात त्याचा सोबती मरतो, तेव्हा यंत्रणा सांगते, "सोबती एकाने कमी." त्यावर तो म्हणतो, "तुझ्यापेक्षा दगड बरा. दगडावर निदान शेवाळ तरी येतं." हे वाचताना धाकट्याला मजा आली असणार. आवाजावरून कळतं.

आई गेली तेव्हा मी सगळ्या नातेवाइकांना फोन केले. कधी गेली, कुठे यायचं, गाडी कुठे लावायची, एवढं सांगितलं. धाकटा शेजारी बसला होता. शेवटचा फोन झाल्यावर म्हणाला, "दादा, तू बातम्या देतोयस." कोणीतरी फोन करायलाच हवे होते. मला वाटलं होतं, तो विषय तिथेच संपला. तो संपला नव्हता, बत्तीस प्रकरणं चालला.

ज्याची टिंगल झाली त्यानेच उरलेली पुरी करून द्यावी, हे मला जमणार नाही. पुस्तकाचं कंपनीने ठरवावं. कृपया पुन्हा लिहू नये.

थोरला


२१ एप्रिल

नमस्कार.

लिहू नये म्हणालात तरी लिहिते आहे. न वाचता परत पाठवायची सोय पोस्टात आहे, ती तुमच्या हातात आहेच.

कंपनीने दुसरा निवेदक ठरवला आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तो पहिल्या पानापासून सुरुवात करेल. माणूस चांगला आहे, वाचतोही चांगलं. पण एकदा त्याचं सुरू झालं की मागचं कोणी बघणार नाही.

सोबत पेन ड्राइव्ह आहे. त्यात एकोणिसावं प्रकरण आहे, पण कच्चं, यंत्रणेच्या बैठकीतला भागही जागच्या जागी लावून. तुम्ही ऐकलंत ते माझ्या हाताखालून गेलेलं. वाचताना माणूस चुकतो, थांबतो, पाणी पितो, स्वतःशी बडबडतो, फोन घेतो. ते सगळं माइकमध्ये जातं आणि मी काढून टाकते. बाहेरच्या कोणालाही आम्ही कच्चं ऐकवत नाही, या धंद्यात तो शिरस्ता आहे. हे पाठवण्याआधी मी तुमच्या भावजयीला विचारलं. त्या म्हणाल्या, पाठवा.

अर्ध्यानंतर ऐका, खेळाडू विहिरीत पडतो तिथून. मी माझ्याकडून काही सांगत नाही. ऐकूनही नाहीच म्हणालात तर पुन्हा त्रास देणार नाही.

कात्री


२९ एप्रिल

नमस्कार.

पेन ड्राइव्ह पाच दिवस टेबलावर होता. शेवटी भावजयीच खाली आली आणि म्हणाली, "दादा, तुम्ही एकटे ऐकणार नाही, मीही एकटी ऐकणार नाही. चला वर." रविवारी दुपारी दोघांनी ऐकलं.

तुम्हाला सगळं ठाऊकच आहे, तरी मला काय ऐकू आलं ते लिहितो.

खेळाडू विहिरीच्या तळाशी आहे, अंधार आहे. तो विचारतो, "मी मरणार आहे का?" पुस्तकात यंत्रणेचं उत्तर होतं, "घाबरू नकोस, मी तुझ्या सोबत आहे." धाकटा ते वाचतो आणि थांबतो. परत वाचतो. मग म्हणतो, "छे. दादा हे म्हणणारच नाही." खुर्चीचा आवाज येतो. त्याने कपाटात बसल्या बसल्याच लेखकाला स्पीकरवर फोन लावलेला आहे.

लेखक म्हणतो, "अहो, ऐकणाऱ्याला थोडा धीर नको का?"

धाकटा म्हणतो, "धीर द्यायला अख्खं गाव असतं हो. हा खरं सांगणारा आहे. घाबरू नका म्हटलं की माणूस जास्त घाबरतो, हे त्याला माहीत असतं."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी अडकलोय ना. एका इमारतीत, लिफ्टमध्ये. लाल बटण दाबलं तर पलीकडे आमचा दादा. म्हटलं, गंमत करू. म्हाताऱ्याचा आवाज काढला. नाव सांगितलंच नाही. मग गंमत राहिली बाजूला. तो बोलत होता आणि मी ऐकत होतो. घरात इतक्या वर्षांत एवढा बोलला नव्हता हो माझ्याशी. दार उघडल्यावर मला वाटलं, दोन मिनिटं उशिरा उघडलं असतं तरी चाललं असतं."

तो म्हातारा मला आठवतो.

आमच्याकडे असे फोन पुष्कळ येतात, सगळे लक्षात राहत नाहीत. हा राहिला, कारण तो काहीतरीच विचारत होता. आमच्या कामात दोन गोष्टी पाळाव्या लागतात. किती वेळ लागेल ते सांगायचं नाही, कारण ती वेळ चुकली की आतला माणूस दाराशी झोंबतो. आणि जे खरं नाही ते बोलायचं नाही. बाकी माणूस बोलेल त्यावर बोलत राहायचं. बहुतेक लोक ऑफिसबद्दल, नाहीतर घरी गॅसवर ठेवलेल्या दुधाबद्दल बोलतात. या म्हाताऱ्याने विचारलं, "तुम्हाला भाऊ आहे का?"

मी म्हटलं, "आहे. धाकटा."

"काय करतो?"

"पुस्तकं वाचतो. लोकांसाठी."

"चांगली वाचतो का?"

मी म्हटलं, "मी ऐकलेली नाहीत. पण त्याला लहानपणापासून बोलता फार छान येतं. तो खोलीत आला की मला बोलावं लागत नाही. मला त्याचं बरं वाटतं."

म्हातारा गप्प झाला. मी विचारलं, "आजोबा, ऐकताय ना?" तो म्हणाला, "ऐकतोय, ऐकतोय. तुम्ही बोला." मला वाटलं, त्याला दम लागला आहे. मेकॅनिकला लवकर जायला सांगितलं.

मी त्याला आजोबा म्हणालो होतो, हे सांगितल्यावर भावजय हसली. मग तिला हसू आवरेना आणि नंतर तिला दुसऱ्या खोलीत जावं लागलं.

फोन ठेवण्याआधी लेखक विचारतो, "मग तुमची यंत्रणा काय म्हणेल?" धाकटा म्हणतो, "म्हणेल, 'मी ऐकतो आहे. बोलत राहा.'" आणि लगेच ते वाक्य म्हणून दाखवतो. ते मला माझ्यासारखं वाटलं नाही, पण भावजय म्हणाली की हुबेहूब आहे.

मागच्या पत्रात टिंगलीबद्दल लिहिलं ते तसं नसावं.

नमुन्यासाठी धाकट्याच्या कागदांतली यंत्रणेची राहिलेली पाच वाक्यं वाचून, पेन ड्राइव्हवर घालून याच पाकिटातून पाठवतो आहे. त्याच्याच कपाटात बसून वाचली. तिथे गाद्या आणि रजया अजून टांगलेल्या आहेत. भावजय महिनाभर ते कपाट रिकामं करायचं म्हणत होती, आता म्हणते राहू दे. जाता जाता म्हणाली, "एवढ्या खोल्या आहेत घरात आणि दोघाही भावांना बसायला लागतं कपाट."

जमलं नसेल तर तसं स्पष्ट कळवावं.

थोरला


५ मे

नमस्कार.

स्पष्टच कळवते. पहिल्या वाक्यात तुमचं पोट गुरगुरतंय. दुसऱ्यात खुर्ची. तिसऱ्यात तुम्ही नाटक करायला गेलात, "सावध राहा" हे तुम्ही भुताची गोष्ट सांगितल्यासारखं म्हटलंत. तसं करू नका. चौथं आणि पाचवं मी रिकाम्या जागी बसवून पाहिलं आणि चहा करायला उठून गेले. परत येऊन पुन्हा ऐकलं.

मग कंपनीला ऐकवलं. त्यांना आधीची यंत्रणा आणि तुमची यंत्रणा वेगळी ओळखता आली नाही. नव्या निवेदकालाही ऐकवलं. तो म्हणाला, "मला यातून सोडवा, यात मी कशाला घुसू?" तेव्हा ठरलंय असं. वीस मेपर्यंत सगळी वाक्यं, एकूण एक, आली तर पुस्तक तुमच्या भावाच्या आवाजात निघेल. एकही कमी पडलं तर नाही. कंपनीला पुन्हा पुन्हा मुदत वाढवायची नाहीये आणि त्यांचंही मला अगदीच चूक वाटत नाही.

आता कामाच्या सूचना. जेवून लगेच बसू नका. खुर्चीऐवजी गादीवर बसा. सोबत सहा प्रकरणं पाठवली आहेत. कानाला हेडफोन लावा, ते खेळाडूचं बोलणं वाचतील आणि जागा येईल तिथे तुम्ही बोलायचं.

त्या जागा तुम्हाला लांब वाटतील. इतर निवेदक उत्तरासाठी एका श्वासाएवढी जागा सोडतात. यांची त्याहून मोठी असायची. पहिल्या प्रकरणात मी त्या कापून लहान केल्या तर रागावले. म्हणाले, "कात्रीबाई, तेवढं सोडून कापा. दादा लगेच उत्तर देत नाही. आधी पूर्ण ऐकून घेतो."

त्या जागा तशाच ठेवल्या आहेत.

कात्री


१२ मे

नमस्कार.

सोबत वाक्यं पाठवतो आहे. या आठवड्यात सकाळची पाळी होती, त्यामुळे दुपारी बसता आलं. त्या वेळी इमारतीत आवाज कमी असतो. धाकट्याच्याही वरच्या मजल्यावर कोणीतरी खिळे ठोकत होतं, भावजय जाऊन त्यांना थांबवून आली. काय सांगितलं ते विचारलं तर म्हणाली, "सांगितलं, दादा कपाटात आहेत. ते लगेच थांबले." आता जिन्यात ते माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघतात.

काम समजलं तसं केलं. लांडगे, पूल, विष, जखमा, हे सगळं सोपं गेलं. कोण कुठे आहे आणि काय शिल्लक आहे एवढंच सांगायचं असतं. तिसाव्या प्रकरणात खेळाडू नुसतंच विचारतो, "ए डब्या, आहेस का रे?" आणि मी "आहे" म्हणायचं. ते लवकर जमेना. जागा पुरेशी होती, तरी दर वेळी ती संपून जायची आणि तो पुढचं वाचायला लागायचा. माझ्या उत्तरासाठी तो किती थांबतो ते मी मोजायला लागलो होतो, म्हणून चुकत होतं. मोजायचं सोडून दिल्यावर जमलं.

या निमित्ताने ही सहा प्रकरणं नीट ऐकली. वाचतो चांगलं. हे मला आधी सांगता आलं नव्हतं, कारण ऐकलेलं नव्हतं.

शेवटच्या प्रकरणातलं शेवटचं वाक्य यात नाही. ते काही दिवसांनी पाठवतो.

थोरला


१५ मे

नमस्कार.

सगळं बसलं. "आहे" तर इतकं बरोबर बसलंय की मला तिथे काही करावंच लागलं नाही.

राहिलं एक वाक्य. बुरुजाचं दार उघडतं, खेळाडू आपल्या घरी, आपल्या खुर्चीत परत येतो आणि यंत्रणा म्हणते, "खेळाडू बाहेर पडला आहे. आत कोणी नाही." तिथे पुस्तक संपतं.

ते तुम्ही का पाठवलं नाहीत ते मी विचारत नाही. एक मार्ग आहे तो सांगते. हे सगळे शब्द तुम्ही इतर वाक्यांत म्हटलेले आहेत. "खेळाडू" तर जागोजागी आहे. "बाहेर" सत्ताविसाव्या प्रकरणात आहे, "आत कोणी" एकोणतिसाव्यात, गुहेच्या तोंडाशी. मी ते वेगवेगळे कापून जोडू शकते. सहा वर्षं तेच केलंय, सांधा कोणाला दिसणार नाही. तुम्हाला ते वाक्य म्हणावं लागणार नाही आणि पुस्तक पूर्ण होईल. लेखकालाही विचारलं, त्यांची हरकत नाही.

वीस तारखेच्या आत फक्त हो किंवा नाही एवढं कळवा. हो म्हणालात तर पुढचं माझं मी बघते.

कात्री


१८ मे

नमस्कार.

जोडू नका. वाक्य सोबत कुरिअरने पाठवलं आहे, वीसच्या आत पोचेल.

तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो. लिफ्टचं दार उघडलं की मेकॅनिक आत डोकावून बघतो आणि मला फोनवर सांगतो, "माणूस बाहेर पडला. आत कोणी नाही." तेच मी मोठ्याने परत म्हणायचं असतं. मी म्हटल्याशिवाय ते काम मिटलं असं धरत नाहीत आणि मेकॅनिकला तिथून हलता येत नाही. मी हे वाक्य नोकरीत इतक्यांदा म्हटलं आहे की जिभेला विचारावं लागत नाही. त्या म्हाताऱ्याच्या वेळीही म्हटलं असणार. आजवर मी ते म्हटलं की पलीकडचा माणूस जिना उतरून घरी जायला निघालेला असायचा.

म्हणून हे अडलं होतं. कपाटात बसलो की त्याचं शेवटचं वाचन संपायचं, जागा यायची आणि मी गप्प बसायचो. मी बोललो नाही तर ते प्रकरण उघडंच राहतं, असं वाटत होतं.

काल तुमचं पत्र भावजयीला वाचून दाखवलं. जोडायचं ऐकून ती म्हणाली, "दादा, ते तुकड्यांतून केलेलं मला कळेल. बाकी कोणाला नाही कळलं तरी मला कळेल. आणि त्यांनी जागा तुमच्यासाठी सोडली होती, कात्रीसाठी नाही." मग म्हणाली, "खेळाडू तर घरी पोचतोच ना? मग म्हणा."

आज दुपारी तिने कपाटाचं दार लावून घेतलं आणि बाहेर उभी राहिली. त्याचं वाचन पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हटलं, जसं कामावर म्हणतो तसंच. शेवटी दार उघडल्याचा आवाज आला आहे. ते भावजयीने उघडलं. तेवढा काढून टाका.

वाक्य एकदाच म्हटलं आहे. काही कमीजास्त वाटलं तरी परत मागू नका, आहे तेच लावा.

थोरला